कोरड्या नाल्यात सोडलेले पाणी कुठे जाते?

औद्योगिक वसाहतींच्या खालच्या अंगाला विहिरी नासतात, हे मराठवाड्यात आता फारसे कुणी नाकारत नाही. वाद एक पायरी पुढे सरकला आहे. जमिनीतले नासलेले पाणी उपसून त्यावर प्रक्रिया करायची, इथपर्यंत सगळ्यांचे जमते. पण प्रक्रिया झालेले पाणी सोडायचे कुठे? जुलै 2025 मध्ये केंद्र सरकारने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. संशयित जागा जिल्हा प्रशासनाने कळवायच्या, प्रदूषण नियंत्रण मंडळाने त्या तपासायच्या आणि ज्याने घाण केली त्याने सफाईचा खर्च सोसायचा, अशी त्यांची रचना आहे. म्हणजे हा प्रश्न आज ना उद्या आपल्या जिल्हाधिकारी कार्यालयांत येणारच. त्याची चर्चा मात्र दोन घोषणांत अडकून पडली आहे. एक बाजू म्हणते, "एक थेंबही नाल्यात पडू देणार नाही." दुसरी विचारते, "मानकांत बसतंय ना? मग अडवता कशाला?" ज्या नाल्यावरून हे भांडण आहे, त्या नाल्याकडे दोघांचेही लक्ष नाही.

माझी भूमिका आधीच सांगतो. उपसा व्हायलाच हवा, आणि प्रक्रिया केलेले पाणी सोडायची वाटही कायद्याने उघडी असायला हवी. मात्र त्या पाण्यातल्या घाणीची मर्यादा पाइपाच्या तोंडाशी मोजून भागणार नाही. नाल्याच्या खालच्या अंगाला असलेल्या विहिरीत काय पोचणार आहे, यावरून ती ठरली पाहिजे. नाला कोरडा असताना पिण्याच्या पाण्याला जी मर्यादा, तीच सोडलेल्या पाण्याला. आणि नाल्यात सोडणे हा पहिला नव्हे, शेवटचा पर्याय.

मराठवाड्यातला नाला म्हणजे नेमके काय, इथूनच सुरुवात केली पाहिजे. पावसाळ्यात तो वाहतो. एखाद्या चांगल्या वर्षी दिवाळीपर्यंत धार टिकते. त्यानंतर त्याच्या पात्रातून गुरे चालतात. 1972 च्या दुष्काळानंतर रोजगार हमीवर आपण याच नाल्यांवर पाझर तलाव बांधले. पुढे सिमेंट नाला बांध आले, कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आले. डिसेंबर 2014 मध्ये जलयुक्त शिवार सुरू झाले आणि पोकलेन लावून गावोगावचे नाले रुंद आणि खोल केले गेले. त्या योजनांच्या यशापयशावर स्वतंत्र वाद घालता येईल, पण त्यांचा हेतू एकच होता: नाल्यातले पाणी पुढे न जाता तिथेच मुरावे आणि आजूबाजूच्या विहिरींना उतरावे. पन्नास वर्षे सरकारी पैसा आणि लोकांचे श्रम ओतून आपण नाल्याचे रूपांतर विहिरी भरण्याच्या साधनात केले. मग सांडपाणी सोडायला प्रदूषण मंडळ जे संमतीपत्र देते, त्यात तोच नाला घाण वाहून नेणारी नदी कसा होतो? जलसंधारण विभागाच्या कागदावर तो पुनर्भरणाचा आणि प्रदूषण मंडळाच्या कागदावर विसर्गाचा. जमिनीवर नाला एकच आहे, आणि त्याच्या काठावरची विहीरही एकच.

आपल्या खडकामुळे हे आणखी गंभीर होते. दख्खनचा काळा पाषाण थरांवर थर रचून बनलेला आहे. वरचा मुरूम आणि भेगाळलेला कातळ पाणी धरतो, मध्येच तांबड्या मातीचा पातळ थर येतो, खाली पुन्हा कठीण कातळ. अशा एक घनमीटर मुरमी खडकातून उपशाला मिळणारे पाणी जेमतेम दहा ते तीस लिटर. साठा इतका तुटपुंजा असला की दोन गोष्टी घडतात. घाण आत शिरली की ती पातळ करायला तिथे पुरेसे पाणीच नसते. आणि ती भेगांच्या वाटेने पळते. शेजारची विहीर सोडून चौथ्या शेतातल्या बोअरमध्ये निघते. गंगेच्या गाळात किंवा किनारपट्टीच्या वाळूत जे गणित चालते ते इथे चालत नाही.

आता "मानकांत बसतंय ना?" या प्रश्नाकडे येऊ. मानके आकाशातून पडत नाहीत. ती लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एखादी नदी असते. सांडपाण्याच्या मानकांचा प्रसिद्ध पूर्वज म्हणजे इंग्लंडच्या रॉयल कमिशनचा 1912 चा अहवाल. तरंगता गाळ लिटरमागे 30 मिलिग्रॅम, जैविक ऑक्सिजन मागणी (पाण्यातली सेंद्रिय घाण कुजताना खाते तो ऑक्सिजन) 20 मिलिग्रॅम, ही त्याची शिफारस. पण तिच्यासोबत एक अट होती: सोडलेल्या सांडपाण्याच्या निदान आठपट स्वच्छ पाणी नदीत वाहत असले पाहिजे. बारमाही पावसाच्या देशात ती अट सहज पाळली जाते. पाइपाच्या तोंडाशी आकडे तपासून मोकळे होण्याची रीत आपल्याकडे आली आणि रुजली, आठपट पाण्याची अट मात्र वाटेत गळाली. बीड किंवा लातूरच्या माळावर मार्च महिन्यात ते आठपट पाणी कोण आणून देणार?

आपल्या पर्यावरण संरक्षण नियमांतली सर्वसाधारण विसर्ग मानके उघडून पाहा. भूपृष्ठावरच्या पाण्यात सोडताना फ्लोराइड लिटरला 2 मिलिग्रॅमपर्यंत चालते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ते 1 मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोतच नसेल तर 1.5. एकूण क्रोमियम सोडताना 2 मिलिग्रॅमपर्यंत, पिताना 0.05. म्हणजे चाळीसपट. नदी वाहत असेल तर या फरकाचे समर्थन करता येते, कारण मधले अंतर नदी भरून काढते. नाला कोरडा असेल तर सोडलेले पाणी हेच त्या नाल्याचे एकमेव पाणी, आणि ते थेट विहिरीत उतरणार. कायद्याचा एकही आकडा न मोडता एखाद्या गावाची विहीर पिण्यालायक न ठेवण्याची सोय या फरकात आहे. शिवाय लिटरमागचे प्रमाण पूर्ण चित्र दाखवत नाही. समजा, एका वसाहतीतून रोज दोन लाख लिटर पाणी उपसून, प्रक्रिया करून सोडले आणि एकूण क्रोमियम बरोबर मर्यादेवर, 2 मिलिग्रॅमवर ठेवले. दिवसाला 400 ग्रॅम झाले. वर्षाला 146 किलो. ते वाहून गेले नाही तर त्याच शिवारात साठले. वर्षभरात एकूण किती वजन सोडायचे याला संमतीपत्रात ठळक मर्यादा नसेल, तर प्रमाणाची मर्यादा पाळूनही नुकसान होत राहते. आणि कारखान्यात तेलकटपणा काढायला वापरली जाणारी क्लोरिनयुक्त द्रावके, जी भूजलात उतरली की दशकानुदशके राहतात, त्यांना तर या सर्वसाधारण यादीत वेगळा रकानाच नाही. यादीत नाही म्हणून मोजायचे नाही, आणि मोजले नाही म्हणून पाणी स्वच्छ?

यासाठी नवा कायदा करावा लागेल, असे म्हणणाऱ्यांनी 1974 चा जलप्रदूषण कायदा पुन्हा वाचावा. त्यात 'प्रवाह' या शब्दाच्या व्याख्येत वाहता किंवा तूर्त कोरडा असलेला जलमार्ग येतो आणि भूगर्भातले पाणीही येते. कोरडा नाला आणि त्याखालचे पाणी, दोन्ही पन्नास वर्षांपूर्वीच संरक्षणाखाली आले आहेत. त्या व्याख्येप्रमाणे संमतीपत्राच्या अटी घालण्याचा अधिकार मंडळाकडे आहे. तो वापरला पाहिजे, एवढाच मुद्दा.

"एक थेंबही नको" म्हणणाऱ्यांचा राग मी समजू शकतो. अशा एका विहिरीवर मी उभा राहिलो आहे. मोटर सुरू केली की आधी पिवळट धार येते, थारोळ्यात फेस धरतो, आणि ठिबकच्या नळ्यांच्या तोंडाशी नखाने खरवडावी लागेल अशी खपली जमलेली असते. मालक म्हणाला, "गुरं वास घेऊन मागं सरतात, दादा. आता म्हणं हेच पाणी धुऊन परत सोडणार." त्याने अनेक वर्षे तक्रारी केल्या. नमुने नेले गेले, अहवाल आला नाही. रात्री टँकर येऊन नाल्यात रिकामे होतात, हे त्या भागातला प्रत्येक जण सांगतो. ज्या यंत्रणेला चोरून सोडलेले पाणी अडवता आले नाही, ती परवान्याने सोडलेल्या पाण्यावर नजर ठेवील, यावर त्याने का विश्वास ठेवावा? परवाना म्हणजे चोरवाटेला अधिकृत दरवाजा, असे त्याला वाटत असेल तर ते त्याच्या अनुभवातून आलेले आहे. या आक्षेपाला सोपे उत्तर नाही, आणि अटी कडक लिहून तो मिटणारही नाही.

तरीही बंदीची मागणी चुकीची आहे, कारण तिचा परिणाम त्याच शेतकऱ्यावर होतो. भूजलातली घाण थांबून राहत नाही. दर पावसाळ्यात पाणीपातळी वर येते, मातीत अडकलेले रसायन पुन्हा विरघळते आणि उताराने पुढच्या शेताकडे सरकते. उपसा हाच तिला जागेवर रोखण्याचा हाताशी असलेला उपाय आहे: पंप चालू असेपर्यंत पाणी पंपाकडे ओढले जाते, गावाकडे जात नाही. उपसलेले पाणी सोडायला जागाच ठेवली नाही तर पंप बंद पडणार. विसर्गावरची सरसकट बंदी प्रत्यक्षात सफाईवरची बंदी ठरते, आणि ज्याने घाण केली त्याच्यासाठी याहून स्वस्त निकाल नाही. राजस्थानात उदयपूरजवळच्या बिछडीत एच-ॲसिड या रंग बनवायला लागणाऱ्या रसायनाच्या कारखान्यांनी विहिरींचे पाणी लालसर करून टाकले. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 1996 मध्ये 'प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी' हे तत्त्व ठणकावून सांगितले. पण सफाईचे पैसे वसूल करण्याचे भांडण 2011 मध्येही न्यायालयात चालूच होते. निकाल लोकांच्या बाजूने लागला, पाणी मात्र वाट पाहत राहिले. बिछडीपासून शिकायचे ते हे की सफाई जितकी लांबेल तितका खडक जास्त पीत जातो.

उद्योगांच्या आणि अभियंत्यांच्या बाजूचाही एक मुद्दा खरा आहे. अटी इतक्या कडक केल्या की खर्च परवडेनासा झाला, तर स्वतःहून पुढे येऊन सफाई करणारा कुणी उरणार नाही. जो तो प्रकरण न्यायालयात नेऊन वीस वर्षे काढील. हा धोका आहे आणि नियम लिहिताना तो लक्षात ठेवला पाहिजे. पण "प्रक्रिया झाली म्हणजे प्रश्न मिटला" हा त्यांचा सूर मला मान्य नाही. प्रक्रिया घाण नाहीशी करत नाही, ती वेगळी काढते. षटसंयुजी, म्हणजे जास्त घातक क्रोमियमवर फेरस सल्फेट टाकून त्याचे कमी घातक त्रिसंयुजी रूप करतात, चुना घालून ते खाली बसवतात. पाणी निवळते, क्रोमियम गाळात जाते. तो गाळ घातक कचरा आहे. द्रावके कोळशात शोषली जातात. तो कोळसा पुढे कुठे जातो? आरओ लावले तर क्षार एका नळीतून निघतात.

ही शेवटची गोष्ट समजायला औद्योगिक वसाहतीत जायची गरज नाही. मराठवाड्यात आज बहुतेक मोठ्या गावांत फिल्टरच्या पाण्याचा प्लांट आहे. पाच-दहा रुपयांत जार भरून मिळतो. तिथे यंत्राच्या मागच्या बाजूला जाऊन पाहावे. एक नळी टाकीत जाते, दुसरी भिंतीतून बाहेर. बाहेरची धार पुष्कळदा आतल्या धारेइतकी किंवा त्याहून जाड असते, गटारात पडते, आणि जिथे ती सुकते तिथे सिमेंटवर पांढरा थर चढलेला असतो. बोअरच्या पाण्यातले नायट्रेट, फ्लोराइड आणि क्षार दाट होऊन या नळीतून निघतात आणि गटारातून त्याच शिवारात मुरतात. किनवट भागासारख्या ठिकाणी, जिथे पाण्यातल्या फ्लोराइडने माणसांची हाडे वाकली, तिथे या दुसऱ्या नळीचा हिशोब ठेवणे किती गरजेचे आहे हे सांगायला नको. दूषित भूजलावर प्रक्रिया करून उरलेले सोडून देण्याचा धंदा आपल्याकडे गल्लोगल्ली चालू आहे, फारशा देखरेखीविना. मोठ्या वसाहतींसाठी नियम करताना या छोट्या प्लांटांना वगळले तर आपण अर्ध्याच घाणीकडे बघू.

तिसरा युक्तिवाद मला सर्वांत अवघड वाटतो, कारण तो दुष्काळातून येतो. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. अशा प्रदेशात रोज लाखो लिटर पाणी उपसून नाल्यात का सोडायचे, शेतीला का द्यायचे नाही? भावना रास्त आहे. कॅलिफोर्नियातल्या हिंकली गावाचे उदाहरणही दिले जाते. तिथे गॅस कंपनीच्या केंद्रातून क्रोमियम भूजलात गेले होते, आणि ते पाणी लसूणघासासारख्या चाऱ्याच्या शेतांना देऊन मातीतच त्याचे कमी घातक रूप करण्याची पद्धत वापरली गेली. हे खरे आहे. पण ती शेते सफाईचा भाग म्हणून, पाणी नियामकाच्या देखरेखीखाली आणि सभोवती निरीक्षण विहिरी ठेवून चालवली गेली. आपल्याकडे सर्वसाधारण विसर्ग मानकांत सिंचनाच्या रकान्यात क्रोमियम, शिसे यांसमोर रेघ मारलेली आहे. मर्यादाच नाही. त्या रेघेचा अर्थ कुणी 'परवानगी' असा घेतला तर अडवणार कसे? आणि धातू बाजूला ठेवले तरी क्षार राहतातच. आपली काळी जमीन चिकणमातीची आहे. सोडियम वाढले की तिची रचना मोडते, पाणी वरच साचते, जमीन चोपण होते. चोपण झालेले रान पुन्हा वहितीखाली आणायला जिप्सम, शेणखत आणि कित्येक पावसाळे लागतात. तहानलेल्या माणसाला पाणी देताना ते काय आहे हे आधी विचारले पाहिजे, दुष्काळात तर जास्तच.

मग पाणी न्यायचे कुठे? पहिला हक्क त्याच वसाहतीचा असावा. कारखान्यांच्या कूलिंग टॉवरला, धुण्याला, बांधकामाला पिण्याच्या दर्जाचे पाणी लागत नाही. आज तिथे बऱ्याच ठिकाणी धरणाचे पाणी जाते. प्रक्रिया केलेले पाणी यातून उरले तर ते वसाहतीच्या आतच, घाणीच्या वरच्या अंगाला, पुन्हा त्याच दूषित खडकात सोडावे आणि खालच्या अंगाला उपसत राहावे, म्हणजे चक्र बंद राहते आणि धुण्याचा वेगही वाढतो. आपल्या भेगाळ कातळात हे सगळीकडे जमणार नाही. भूजल सर्वेक्षण यंत्रणेने प्रत्येक जागेचा खडक पाहून सांगावे लागेल. यातूनही उरलेले पाणी नाल्यात, आणि तेही शक्यतो नाला वाहत असताना. सोडण्याआधी ते टाकीत अडवून तपासावे. फुकुशिमात अणुभट्टीच्या तळघरांत शिरलेल्या भूजलाच्या बाबतीत जपानने हेच केले: ऑगस्ट 2023 पासून समुद्रात सोडण्याआधी प्रत्येक खेपेचे पाणी थांबवून तपासले गेले, बाहेरच्या प्रयोगशाळांनीही तपासले. तरी तिथल्या मच्छीमारांचा विरोध मावळला नाही, कारण तुमच्या संमतीशिवाय काही करणार नाही असे आश्वासन त्यांना 2015 मध्ये दिलेले होते. तपासणी चोख असली म्हणजे विश्वास आपोआप येतो असे नाही. पण जपानकडे निदान महासागर होता. आपल्याकडे तपासणीत चूक झाली तर ती पोटात घालायला काहीच नाही, म्हणून टाकी अडवून तपासण्याची गरज आपल्याला त्यांच्याहून जास्त आहे.

विश्वासाचा प्रश्न मी वर अवघड म्हटला, तो इथे पुन्हा घेतो. तपासणीचे नमुने पाइपाच्या तोंडाबरोबरच खालच्या तीन-चार विहिरींतूनही घ्यावेत, ग्रामपंचायतीने सांगितलेल्या विहिरींतून. नमुना घेताना विहिरीचा मालक हजर असावा आणि दुसरी सीलबंद बाटली त्याच्याकडे राहावी. आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लागावेत, शेजारी पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिहून. विहिरीतला आकडा चढला की पंपाची दिशा बदलायची की विसर्ग थांबवायचा, हे आधीच लिहून ठेवलेले असावे. बैठकीवर सोडू नये. सफाई 'पूर्ण' झाल्याचा दाखला घाईने मिळू नये, कारण पंप बंद केल्यावर खडकात अडकलेले रसायन पुन्हा पाझरते आणि खाली आलेले आकडे वर चढतात. निदान दोन पावसाळे पंप बंद ठेवून पाहिल्याशिवाय फाईल मिटवू नये. आणि पंपाचे बटण दाबण्याआधी पूर्ण खर्चाची ठेव जमा व्हावी: वीज, गाळाची विल्हेवाट आणि बाधित शेतकऱ्यांच्या पर्यायी पाण्यासह. वीज गेली आणि प्लांट बंद पडला, ही सबब तरी मग उरणार नाही.

जायकवाडीत पाणी कमी भरले की नाशिक-नगरच्या धरणांतून ते सोडावे म्हणून आपण न्यायालयापर्यंत गेलो. वरच्याने खालच्याचा विचार करायला हवा, हे तत्त्व आपण राज्याला मान्य करायला लावले. तेच तत्त्व आपल्या नाल्याच्या वरच्या आणि खालच्या शेताला लागू करायला कुणाची हरकत असावी? हरकत येईल ती पाण्याच्या कोट्यावरून. वसाहतीला तिच्याच उपसलेल्या पाण्यातून जितके लिटर मिळतील, तितके जायकवाडीतून मिळणारे तिचे पाणी कमी करावे, अशी माझी सूचना आहे. उद्योजक म्हणतील, धरणाचे पाणी स्वस्त आहे आणि हे महाग पडते. खरे आहे. म्हणून जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने उद्योगांचे पाण्याचे दर ठरवताना दूषित भूजल असलेल्या वसाहतींसाठी धरणाच्या पाण्याचा दर प्रक्रियेच्या खर्चाइतका वर न्यावा, आणि ही तरतूद पुढच्या दरनिश्चितीतच करावी.